न धरलेला वेळ

मार्चचा शेवटचा आठवडा आला की आमच्या कॉलेजच्या वरच्या मजल्यावर एक ठरलेला वास सुटतो. तापलेल्या कॉम्प्युटरचा, कूलरच्या भिजलेल्या वाळ्याचा आणि नुकत्याच बाइंडिंग करून आणलेल्या प्रबंधांच्या डिंकाचा. खाली आवारातला कडुलिंब फुललेला असतो. दुपारी गरम झुळूक आली की त्याची बारीक पांढरी फुलं जिन्यापर्यंत उडून येतात. प्रोजेक्टवाली मुलंमुली माझ्या दारात उभी असतात. डोळे तांबारलेले, हातात लॅपटॉप तसाच उघडा धरलेला. "मॅडम, सगळं निळं आलंय," असं ती म्हणतात आणि सुटल्यासारखा श्वास सोडतात.

निळं म्हणजे सुरक्षित. एखादी वस्तू वापरात आल्यावर तिच्यावर कुठं किती ताण येईल, ते आम्ही कॉम्प्युटरवर आधीच काढून बघतो. वस्तूचे हजारो बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचं गणित मांडायचं आणि उत्तर रंगांत बघायचं. ताण जास्त तिथं लाल, कमी तिथं निळं. बरीच वर्षं झाली मला हे शिकवायला लागून. तरी या दिवसांत मुलांच्या पडद्यावर निळं दिसलं की मला सुटल्यासारखं वाटत नाही. मी चष्मा पुसते, खुर्ची पुढं ओढते, प्रश्न विचारते. मुलांना वाटतं, मॅडम कडक आहेत.

मला माझ्या एम.ई.च्या वर्षाचा एप्रिल आठवत असतो. आणि मामा.

मामा आईचे धाकटे भाऊ. राहायला कन्नडला, पण रंगकामाला शहरात यायचे, तेव्हा मुक्काम छावणीजवळच्या आमच्या दोन खोल्यांत. संध्याकाळी ते दारात बसून घासलेटच्या बोळ्यानं हातावरचा रंग पुसायचे आणि दिवसभरात उंचावरून काय काय दिसलं ते मला सांगायचे. कुणाच्या गच्चीवर पापड वाळत होते, कुठल्या गॅलरीत दोन म्हातारे बुद्धिबळ मांडून न खेळताच बसले होते. परांचीवर उभं राहिलं की सगळं शहर आपल्या घरचं वाटतं, असं ते म्हणायचे.

मी दहावीत होते तेव्हा त्याच परांचीची एक फळी सरकली. चौथ्या मजल्यावरून खाली. जीव वाचला, पण कमरेच्या वर मणका मोडला. त्याच्या खालचं शरीर होतं तिथंच राहिलं, पण मामांना ते कळेनासं झालं. चटका नाही, टोचणं नाही, मुंग्या नाहीत.

सरकारी दवाखान्यातल्या एका सिस्टरनी त्यांना घरी सोडताना एक गोष्ट शिकवली होती. दर पंधरा मिनिटांनी व्हीलचेअरच्या दोन्ही हातांवर जोर द्यायचा, अंग वर उचलायचं, मनात वीस मोजायचे आणि मग खाली बसायचं. बसून बसून हाडाखालचं मांस दबतं, तिथलं रक्त अडतं. आपल्याला दुखतं म्हणून आपण नकळत कूस बदलतो. मामांना दुखणार नव्हतं. "दुखत नाही, म्हणूनच उचलायचं," सिस्टर म्हणाल्या होत्या. मामांनी ते वाक्य पाठ केलं आणि सात-आठ वर्षं पाळलं.

अक्षर चांगलं होतं, म्हणून पुढं ते कन्नडच्या तहसीलीबाहेर अर्ज लिहायला बसू लागले. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, वारसाची नोंद, फेरफाराची तक्रार. पत्र्याच्या शेडमध्ये एक टेबल, कार्बन कागद, समोर लोकांची रांग. मी सुट्टीत गेले की तिथं जाऊन बसायची. मामा लिहिता लिहिता मधेच पेन ठेवायचे, हातांवर उचलले जायचे, रांगेतल्या माणसाशी बोलत बोलतच वीस मोजायचे, खाली बसायचे आणि पेन उचलायचे. घड्याळ बघावं लागत नव्हतं. त्यांच्या बुडाखाली तेव्हा गोधडीच्या चार घड्या असायच्या, बस. त्या गोधडीवर त्यांना एकदाही जखम झाली नव्हती. हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत असणं वेगळं आणि ध्यानात येणं वेगळं.

एम.ई.ला प्रबंधाचा विषय सरांनी सुचवला. सर म्हणजे माझे गाईड, निवृत्तीला आलेले, मोजकं बोलणारे. विषय होता, इलॅस्टिक आणि व्हिस्कोइलॅस्टिक मॉडेलची तुलना. नावं जड आहेत, गोष्ट तेवढी जड नाही. स्प्रिंगवर वजन ठेवलं की ती दबते, काढलं की उठते. वजन मिनिटभर ठेवा की दिवसभर, ती तेवढीच दबलेली राहते. हे इलॅस्टिक. मळलेल्या कणकेच्या गोळ्यावर भरलेली वाटी ठेवली तर ती आधी थोडी रुतते आणि मग आपण दुसऱ्या कामाला लागलो तरी हळूहळू रुततच राहते. फोम, रबर, माणसाचं मांस हे सगळे या दोघांच्या मधले. थोडे स्प्रिंगसारखे, थोडे कणकेसारखे. ते व्हिस्कोइलॅस्टिक. पहिल्या मॉडेलच्या गणितात वेळ नावाची गोष्टच नसते. दुसऱ्यात असते, म्हणून ते जास्त खरं आणि करायला जास्त कटकटीचं.

"कुठली वस्तू घेशील?" सरांनी विचारलं.

"व्हीलचेअरची गादी घेते, सर."

त्यांनी कारण विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मामांचे खांदे तेव्हा धरायला लागले होते. इतकी वर्षं दर पंधरा मिनिटांनी स्वतःचं वजन उचलून उजवा खांदा रात्रंदिवस ठणकायचा. हात वर करून शर्ट घालता येईना. शरीराचा जो भाग त्यांना कळत होता, तोच आता दुखायला लागला होता. मला वाटलं, आपण शिकतोय त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

फोम घ्यायला मी शहागंजकडच्या एका दुकानात गेले. दुकानदार चाचा पासष्टीचे असतील. त्यांनी चार-पाच तुकडे काढून माझ्यासमोर टाकले आणि त्यातल्या एकावर तळवा दाबून धरला. हात काढल्यावर तळव्याचा ठसा फोमवर राहिला आणि सावकाश भरून आला.

"ये लो. इसमें सबर है, बेटा," ते म्हणाले. "दबता बी हौले, उठता बी हौले. मरीज लोगां येच ले जाते."

मी तो घ्यायचा ठरवला. चाचा तो सुतळीनं बांधता बांधता म्हणाले, "बस धूप में नको रखना. गरमी में भोत नरम पड़ता ये."

मी हो म्हटलं. हे मी ऐकलं होतं, हे मला नंतर कधीही नाकारता आलं नाही.

लॅबमध्ये फोमचे तुकडे कापून मशिनवर दाबून बघितले. लॅबला एसी होता, कारण मशिनला उष्णता सोसत नाही. आलेले आकडे मॉडेलमध्ये घातले. माणसाचं बूड, बसायची दोन हाडं, त्यावर मांस, खाली गादी, गादीखाली प्लायवुड, हे सगळं पडद्यावर उभं केलं. इलॅस्टिकचं गणित वीस मिनिटांत सुटलं. हाडांखाली थोडं पिवळं, बाकी सगळं निळं. दाब पुस्तकातल्या मर्यादेच्या आत. गादी दबून खाली दोन बोटं जाडी शिल्लक राहत होती. मी त्या चित्राची प्रिंट काढून सरांना दाखवली.

"चांगलं आहे. हा भाग लिहून काढ," सर म्हणाले. "आता दुसरं मॉडेल चालू कर. खरं काम ते आहे."

ते बरोबरच बोलले होते. पण एप्रिल लागला होता, चौदा एप्रिलची जयंती दहा दिवसांवर आली होती, आणि मामीचा फोन आला होता, की मामा यंदा मिरवणुकीत शेवटपर्यंत बसणार म्हणतात, पण खांदा उचलत नाही. मी त्याच मापाची गादी चाचांकडून कापून घेतली, आईनं तिला निळी खोळ शिवली, आणि रविवारी सकाळच्या एसटीनं मी कन्नडला गेले. गादी मांडीवर होती. वेरूळ मागं पडेपर्यंत खिडकीतून ऊन थेट तिच्यावर येत होतं. घाम पुसायला मी हात उचलला तेव्हा तिच्यावर माझ्या कोपराचा खोल खड्डा दिसला होता. मी बघितला आणि दुसरीकडं बघायला लागले.

मामांना उचलून गादीवर बसवलं. मामीनं कडेनं बोटं घालून चाचपलं.

"लईच मऊ हाय वं," ती म्हणाली. "कसं वाटतंय?"

"मला खालचं काय कळतंय?" मामा हसले. "पर पाठ सरळ ऱ्हायली. बरं वाटतंय."

पंधरा मिनिटं झाली असतील. सवयीनं त्यांनी चेअरचे हात धरले, अंग उचललं आणि खांद्यात कळ येऊन ओठ आवळले. मला ते बघवेना.

"मामा, आता एवढं सारखं उचलायची गरज नाही," मी म्हटलं. "तासा-दोन तासांनी उचललं तरी चालेल. मी कॉम्प्युटरवर बघितलंय."

ते अलगद खाली बसले. माझ्याकडं बघितलं. "नक्की?"

"व्हय मामा. नक्की."

इतकंच बोलणं झालं. नंतर आम्ही जेवलो. मामीनं शेंगदाण्याचा म्हाद्या केला होता.

त्या हंगामात उन्हानं कहर केला होता, असं मी म्हणणार होते. पण तसं काही नव्हतं. दर वर्षी असतं तेवढंच ऊन होतं. आमच्या गल्लीत आठवड्यातनं एकदा नळ यायचा, त्या दिवशी सगळी कामं सोडून पाणी भरायचं. दुपारी रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायचं. घरोघरी कुरडया वाळत असायच्या. यंदाही सगळं तसंच आहे. काल संध्याकाळी मी गच्चीवर गेले तर शेजारच्या वहिनी कुरडयांची चादर गुंडाळत होत्या. म्हणाल्या, "मॅडम, तुमचं सबमिशन चालू झालं वाटतं, दिसतच नाही." मी हो म्हटलं. हे दिवस आले की मी माणसांशी कमी बोलते, हे आता त्यांनाही माहीत झालंय.

जयंतीला मामा सकाळपासून मिरवणूक संपेपर्यंत बसले. मामीनं फोटो पाठवला होता. पांढराशुभ्र शर्ट, कपाळावर निळा गुलाल, दोन्ही हात वर. उजवाही वर गेला होता. खांदा मोकळा झाला होता त्यांचा. मी तो फोटो लॅबमधल्या मैत्रिणींना दाखवला. पुढं मे लागला आणि दाखल्यांची गर्दी सुरू झाली. निकाल लागायच्या आधी कागद तयार ठेवायला खेड्यापाड्यांतून माणसं येतात. मामा सकाळी नऊला बसले की पाचपर्यंत बसायचे. रांगेतल्यांना सांगायचे म्हणे, "भाचीनं बनवलीय गादी. इंजिनिअर हाय." आणि त्या पत्र्याच्या शेडमध्ये भर दुपारी डोक्याला हात लावला तरी केस गरम लागायचे.

इकडं माझं दुसरं मॉडेल सुटत नव्हतं. या गणितात वेळ धरायचा, म्हणजे बसल्यापासूनचा एकेक क्षण आधीच्या क्षणावर रचत जायचं. एकेका गणिताला दोन-दोन दिवस लागत. मधेच लाइट गेली की सगळं पहिल्यापासून. तीनदा असं झालं. शिवाय फोमची नवी चाचणी घ्यायची होती, दाबून नुसतं सोडायचं नाही, दाबून धरायचं आणि वाट बघायची. सर म्हणाले, "तापमान काय धरलंस?" मी म्हटलं, लॅबचंच. ते म्हणाले, "लॅबमध्ये कोण बसणार आहे?" तेव्हा चाचांचं बोलणं पहिल्यांदा नीट आठवलं. मी तुकडे तापवून पुन्हा चाचण्या घेतल्या.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी गणित सुटलेलं होतं. मी पर्स न काढताच खुर्चीवर बसले आणि चित्रं एकामागून एक बघत गेले. पहिल्या अर्ध्या तासात दाब उलट कमी होत होता. फोम अंगाच्या आकाराला बसत होता. मला आनंद झाला. मग तासाभरानं हाडं खाली सरकायला लागली. दुसरा तास, तिसरा तास. चौथ्या तासाला गादी हाडांखाली कागदासारखी चपटी झाली होती आणि हाडं जवळजवळ प्लायवुडवर टेकली होती. दाबाचा आकडा पहिल्या उत्तराच्या दुप्पट. दोन्ही हाडांखाली लाल, आणि लालच्या मधोमध राखाडी. उत्तर रंगांच्या पट्टीच्या बाहेर गेलं की आमचं सॉफ्टवेअर राखाडी रंग देतं.

मी लगेच फोन केला नाही. हे मला लिहायलाच हवं. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलंय. तो दिवस आणि पुढचा दिवस मी चूक शोधत बसले. चूक सापडावी असं मनापासून वाटत होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी जिन्यात येऊन मामीला फोन लावला.

"मामी, मामांना त्या गादीवरनं उठवा. आत्ताच्या आत्ता. गोधडीवर बसवा."



"ते बसतच न्हाईत गं आता," ती म्हणाली. "आठ दिस झाले, पालथेच हायेत."

"काय झालं?"

"पँटला डाग दिसला. बघितलं तर काळं पडलेलं, आणि मधी भोक. इथल्या डॉक्टरनं पट्टी केली. तुला सांगू नको म्हणले, परीक्षा हाय तिची."

त्याच दिवशी संध्याकाळी त्यांना जीपमध्ये पालथं झोपवून शहरात आणलं. डॉक्टर म्हणाले, वरून रुपयाएवढं दिसतंय, आत हाडापर्यंत पोकळ झालंय. वरचं कातडं शेवटी फाटतं, आधी आतलं मांस मरतं. हे मला माहीत होतं. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात ते चांगल्या इंग्रजीत लिहिलेलं होतं.

ऑपरेशन झालं. मांडीचं मांस वळवून खड्डा भरला. त्यानंतर तीन महिने पोटावर. पलंगाच्या कडेशी उशी, तिच्यावर हनुवटी, समोर भिंत. भेटायला येणाऱ्याला त्यांच्यासमोर खाली जमिनीवर बसावं लागायचं, तरच चेहरा दिसायचा. मी तशी बसले आणि दोन्ही मॉडेलच्या प्रिंट्स त्यांच्यासमोर धरल्या. का नेल्या होत्या कोण जाणे. माफी मागायला तोंड नव्हतं, म्हणून कागद नेले असतील.

त्यांनी दोन्ही चित्रं नीट बघितली. मी समजावून सांगितलं, स्प्रिंग काय, कणीक काय. त्यांना पटकन कळलं.

"म्हंजे तुझं गणित बरुबर होतं," ते म्हणाले. "मीच लई वेळ बसलो."

"नाही मामा. तुम्ही माणूस बसतो तेवढाच वेळ बसला. मी वेळ धरलाच नव्हता."

"आन उचलायचं बंद कर म्हणलीस, ते?"

"ते याच्यावरनं म्हटलं." मी निळ्या चित्रावर बोट ठेवलं.

त्यांनी त्या चित्राकडं पुन्हा एकदा बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. मामी चहा घेऊन आली, त्यांनी नळीनं तो प्यायला. कप परत देताना ते म्हणाले, "सिस्टर म्हणली होती मला. मी तिचं सोडून तुझं ऐकलं." त्यात आरोप नव्हता. झालं तसं ते सांगत होते. जरा वेळानं म्हणाले, "तू हे लिही पुस्तकात. दुसऱ्याला व्हाया नको."

मी लिहिलं. चांगलं दीड पान लिहिलं. सरांनी ते वाचलं आणि चष्मा काढला. म्हणाले, "मला आधी का सांगितलं नाहीस?" मग स्वतःच पुढं म्हणाले, "माणसावर वापरायचं तर परवानगी लागते, समितीपुढं जावं लागतं. हे असंच छापलं तर तुझी पदवी अडकेल. माझंही नाव आहे यावर." त्यांनी पेन्सिलीनं दीड पानावर उभी रेघ मारली. मग थांबले आणि खाली स्वतःच्या हातानं एक वाक्य लिहिलं. पहिल्या मॉडेलवरून तयार केलेली गादी एका पुरुष वापरकर्त्यानं काही आठवडे वापरली, त्यास जखम झाली. "एवढं राहू दे," ते म्हणाले. "कुणी विचारलं तर मी बघतो."

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या वाक्याबद्दल विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "मग इलॅस्टिक मॉडेल चुकीचं आहे, असं म्हणायचंय का?"

"नाही सर," मी म्हटलं. "ते बसल्यानंतरच्या पहिल्या मिनिटाचं बरोबर उत्तर आहे."

ते खूश झाले. म्हणाले, हे वाक्य निष्कर्षात टाका. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बाहेर सामोसे आणि पेढे होते. माझ्या वर्गात पहिला नंबर माझा आला. त्या प्रबंधाच्या जोरावरच मला ही नोकरी लागली. पगाराच्या प्रत्येक महिन्यात हे मला आठवतं असं नाही. माणूस एवढा चांगला नसतो. पण मार्च-एप्रिलमध्ये आठवतं.

मुलांना मी ही गोष्ट कधी सांगितलेली नाही. फक्त विचारते, किती वेळ? कितीवर तापलं असताना? ही वस्तू खरंच कुठं ठेवली जाणार आहे, तू ती जागा बघून आलास का? मागच्या आठवड्यात एक मुलगी हेल्मेटच्या आतल्या फोमचं काम घेऊन आली होती. हुशार आहे, गंगापूरची, घरची पहिली इंजिनिअर. म्हणाली, "मॅडम, इलॅस्टिकनं भागतंय. व्हिस्कोला वेळ नाही." मी तिला आठवडा वाढवून दिला. ती माझ्यावर नाराज होऊन गेली. जाऊ दे. तिचं चुकलं असतंच असंही नाही. कितीतरी ठिकाणी इलॅस्टिकनं खरंच भागतं. म्हणून तर त्याची भीती वाटते.

मामा पुन्हा टेबलाशी बसले, पण दिवसाला दोन तास, त्याच गोधडीवर, पंधरा-पंधरा मिनिटांनी उचलत. मांडीचं मांस गेल्यानं तोल जायचा, म्हणून मामी मागं उभी राहायची. तोवर त्यांची रांग दुसऱ्या टेबलाकडं वळली होती. ऑनलाइन अर्जही आले. दोन वर्षांनी हिवाळ्यात त्यांना ताप भरला, संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला, आणि ते गेले. त्या जखमेमुळं का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असं सांगता येत नाही, अशा पेशंटचं काहीही निमित्त होतं. ते माझी समजूत घालत होते की खरं सांगत होते, ते मला अजून कळलेलं नाही. आई मला कधी एका शब्दानं बोलली नाही. पण निळ्या खोळीचं उरलेलं कापड तिनं कशालाच वापरलं नाही.

ते असताना, पालथं झोपायचे तीन महिने संपत आले होते तेव्हा, मी प्रबंधाची एक प्रत त्यांना द्यायला गेले होते. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं. त्यांनी कव्हरवरून हात फिरवला. अक्षर कसं बसलंय, हे रंगाऱ्याच्या नजरेनं आधी बघितलं. मग म्हणाले, "ते कुठंय, दाखव." मी पान काढून दिलं. ते इंग्रजी सावकाश, बोट ठेवून वाचायचे. त्या एका वाक्याला त्यांना दोन मिनिटं लागली असतील.

"हा युजर म्हंजे मी का?"

"व्हय मामा."

"नाव नाय टाकलं."

"अशा ठिकाणी नाव टाकत नाहीत. नियम असतो तसा."

त्यांनी मान हलवली. नियम त्यांना कळायचे, जन्म त्यातच गेला होता. बोट मात्र त्या ओळीवरच राहिलं.

"टाकाया पाह्यजे होतं," ते म्हणाले. "वाचणाऱ्याला वाटंल, कुणी नव्हतंच."

ती प्रत मामीकडं आहे. दुसरी कॉलेजच्या ग्रंथालयात, जुन्या प्रबंधांच्या कपाटात, आणि तिच्यात त्या जागी अजून तेवढंच एक वाक्य आहे. ते मला बदलता येत नाही. म्हणून इथं लिहिते. त्यांचं नाव उत्तम दगडूबा पगारे. राहणार कन्नड. ते उंच इमारती रंगवायचे आणि नंतर लोकांचे अर्ज लिहायचे.